जस्त कमी, तांबे जास्त: अहवालाचा अर्थ कसा लावावा?

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या नातेवाइकांची पत्रे मोठ्या संख्येने आहेत. रक्ततपासणीच्या पॅकेजमध्ये आता क्रिएटिनिन आणि पोटॅशियमबरोबर जस्त, तांबे, सेलेनियम अशी सूक्ष्म खनिजेही मोजली जातात. अहवालात एखादा आकडा ठळक अक्षरांत छापून आला की घरातील सर्वांचा जीव टांगणीला लागतो आणि दुकानातून गोळ्या येतात. यातील काही चिंता रास्त आहेत, काहींना फारसा आधार नाही. सहा निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न: माझ्या आईचे वय 62 आहे. मधुमेहामुळे तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या असून दोन वर्षांपासून आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू आहे. हातातील फिस्चुला (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी) बंद पडल्यामुळे सध्या मानेत कॅथेटर (रक्तवाहिनीत बसवलेली नळी) आहे. नुकत्याच केलेल्या तपासणीत जस्त 52, तांबे 168 आणि सेलेनियमही कमी आले. तिला जेवण जात नाही, तोंडाला चव नाही असे ती म्हणते. दुकानातून 50 मिलिग्रॅम जस्ताच्या गोळ्या आणल्या आहेत. त्या सुरू कराव्यात का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: आणलेल्या गोळ्या तूर्त कपाटातच राहू द्याव्यात. आपल्या आईंना जस्ताची गरज कधीच लागणार नाही, असे मला म्हणायचे नाही. परंतु या तीन आकड्यांवरून ती गरज सिद्ध होत नाही आणि 50 मिलिग्रॅमची गोळी महिनोन्महिने चालू राहिली तर तिचे स्वतःचे दुष्परिणाम आहेत.

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण दोन ते तीन ग्रॅम जस्त असते आणि त्यातील बहुतेक स्नायूंत व हाडांत असते. रक्तद्रवात फिरणारा भाग एकूण साठ्याच्या एक टक्क्याहूनही कमी असतो आणि अहवालात मोजला जातो तो एवढाच. शिवाय हे जस्त प्रामुख्याने अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून फिरते. अल्ब्युमिन घसरले की जस्ताचा आकडाही घसरतो, मग साठा पुरेसा असला तरीही. डायलिसिसच्या रुग्णांत अल्ब्युमिन कमी असणे हे नेहमीचेच आहे. म्हणून शेजारच्या रकान्यातील अल्ब्युमिन पाहिल्याशिवाय जस्ताच्या आकड्यावर कोणताही निष्कर्ष काढू नये.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे आपल्या अहवालातील जोडी. शरीरात कोठे जंतुसंसर्ग किंवा दाह असेल तर यकृत रक्तातील जस्त स्वतःकडे ओढून घेते आणि त्याच वेळी सेरुलोप्लाझ्मिन नावाचे तांबे वाहून नेणारे प्रथिन अधिक प्रमाणात तयार करते. त्यामुळे जस्त खाली जाते आणि तांबे वर चढते. सेलेनियमही दाहात घसरते. तिन्ही आकडे असे एकदम बदललेले दिसतात तेव्हा आहारातील उणिवेपेक्षा दाहाची शंका मला आधी येते, आणि मानेत कॅथेटर असलेल्या मधुमेही रुग्णामध्ये तर ती यायलाच हवी. कॅथेटरच्या तोंडाशी लाली किंवा पू आहे का, डायलिसिस सुरू असताना थंडी वाजून येते का, पायाला न भरणारी जखम आहे का, दात आणि हिरड्या कशा आहेत, हे पाहून घ्यावे आणि सीआरपी (दाह दाखवणारी रक्ततपासणी) व अल्ब्युमिन या तपासण्या जस्ताबरोबर एकाच दिवशी कराव्यात. सीआरपी वाढलेले असताना केवळ जस्ताच्या गोळ्या देणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार होईल.

रक्त कसे घेतले, यालाही येथे विलक्षण महत्त्व आहे. जेवणानंतर आणि दिवस चढेल तसे रक्तातील जस्त उतरते, म्हणून नमुना सकाळी उपाशीपोटी आणि डायलिसिसच्या आधी घ्यावा. साध्या नळीच्या रबरी बुचातूनही नमुन्यात जस्त मिसळू शकते. यासाठी सूक्ष्म खनिजांकरिता गडद निळ्या टोपणाची वेगळी नळी मिळते. लाल पेशींत रक्तद्रवापेक्षा कितीतरी अधिक जस्त असल्यामुळे नमुन्यात त्या फुटल्या तर आकडा खोटा वाढतो. 'कमी' कशाला म्हणायचे याविषयीही एकवाक्यता नाही. अनेक प्रयोगशाळा 70 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली कमी असे छापतात, तर जपानमध्ये 60 च्या खाली कमतरता आणि 60 ते 80 मध्ये सीमारेषा मानली जाते.

आता चवीविषयी. ही तक्रार मी फार गांभीर्याने घेतो. डायलिसिस चालू असताना डबा उघडून दोन घास खाणारी आणि तिसऱ्या घासाला चमचा बाजूला ठेवणारी माणसे मी रोज पाहतो. एक आजी म्हणाल्या होत्या, 'सून आमटी चांगली करते हो, पण माझ्या तोंडात राखुंडी धरल्यासारखी वाटते.' जस्ताच्या कमतरतेने चव जाते हे खरे आहे. त्याचबरोबर भूक मंदावते, जखमा लवकर भरत नाहीत, केस गळतात, त्वचा खरखरीत होते. परंतु रक्तातील युरिया पुरेसा न उतरणे, तोंड कोरडे पडणे आणि रक्तदाबाची काही औषधे यांनीही चव जाते. आपल्या आईंचे डायलिसिस आठवड्यातून दोनदाच होत असल्यामुळे ते पुरेसे आहे का, हा प्रश्न मी जस्ताच्या आधी विचारीन. खर्च आणि प्रवास यांमुळे आपल्याकडे अनेक कुटुंबे दोनदाच करू शकतात, याची मला जाणीव आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश असल्याने तिसऱ्या वेळेची सोय त्यातून होईल का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्रांकडे अवश्य विचारावे.

आणखी एक गोष्ट मला वारंवार आढळते. डायलिसिस सुरू होण्यापूर्वी प्रथिने कमी खाण्याचा सल्ला दिलेला असतो आणि डायलिसिस सुरू झाल्यावर तो बदलायला हवा, हे घरी कोणी सांगितलेले नसते. परिणामी डाळ बंद, अंडे बंद, मटकी बंद, आणि ताटात फक्त भात आणि उकडून पाणी काढलेली दुधी. डायलिसिसवरील रुग्णाला दर किलो वजनामागे रोज सुमारे 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिने लागतात आणि अन्नातील जस्त बहुतांशी प्रथिनांच्याच सोबतीने येते. अंडी, मासे, कोंबडी, मटण यांतील जस्त शरीराला सहज मिळते. डाळी, तीळ आणि ज्वारी-बाजरीतही जस्त असते, पण त्यांतील फायटेट हा नैसर्गिक घटक त्याला धरून ठेवतो. धान्य भिजवून मोड आणल्याने किंवा आंबवल्याने ही पकड सैल होते. मोड आलेली मटकी भिजवलेले पाणी फेकून शिजवली तर काही पोटॅशियमही निघून जाते. हा आपल्याच स्वयंपाकघरातील जुना रिवाज या रुग्णांच्या फार उपयोगाचा आहे. किती वाट्या द्यायच्या हे मात्र पोटॅशियम आणि फॉस्फरसचे आकडे पाहून आहारतज्ज्ञांनी ठरवावे.

दाह नाही, डायलिसिस पुरेसे आहे, प्रथिने नीट जात आहेत आणि तरीही जस्त कमी व लक्षणे कायम, असे चित्र असेल तर डॉक्टर ठरावीक मुदतीसाठी, साधारण तीन महिने, जस्त देऊन पाहतात. ते योग्यच आहे. सर्वांना सरसकट जस्त किंवा सेलेनियम देऊ नये, असे अमेरिकेतील मूत्रपिंडविषयक आहाराची 2020 ची मार्गदर्शक तत्त्वे सुचवतात, कारण त्याने पोषण किंवा दाह सुधारतो याचे पुरावे तोकडे आहेत.

मात्रेविषयी थोडे स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला सुमारे 13 आणि पुरुषाला 17 मिलिग्रॅम जस्त पुरते, तर अमेरिकेत प्रौढांसाठी 40 मिलिग्रॅम ही वरची मर्यादा मानतात. रोज 50 मिलिग्रॅम दीर्घकाळ पोटात गेले की आतड्याच्या पेशी मेटॅलोथायोनिन नावाचे प्रथिन अधिक बनवतात. हे प्रथिन तांब्याला घट्ट पकडते आणि पेशी गळून पडताना ते तांबेही शौचावाटे निघून जाते. काही महिन्यांनी तांब्याची कमतरता होते. हिमोग्लोबिन उतरते, पांढऱ्या पेशी कमी होतात, पायांना मुंग्या येतात आणि अंधारात चालताना तोल जातो. मधुमेही रुग्णात या मुंग्यांचे खापर मधुमेहावर फुटते, हिमोग्लोबिनचे खापर किडनीवर फुटते आणि गोळी तशीच चालू राहते. म्हणून जस्त सुरू केले तर तीन महिन्यांनी जस्त आणि तांबे दोन्ही तपासावे. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी जस्ताबरोबर एकाच वेळी देऊ नये, कारण ती जस्ताचे शोषण अडवतात.

प्रश्न: माझे पती 55 वर्षांचे असून त्यांचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातील आकडा) 4.8 आहे. डायलिसिस अजून सुरू नाही. पित्ताचा त्रास असल्याने सहा महिन्यांपासून ते अॅसिडिटीचे पातळ औषध दिवसातून तीन वेळा घेतात आणि सकाळी लिंबूपाणीही पितात. आमच्याकडे स्वयंपाक अॅल्युमिनियमच्या पातेल्यांत होतो. पावसाळ्यात पिण्याच्या पाण्यात तुरटी फिरवतो. किडनीच्या रुग्णाला अॅल्युमिनियम विषासमान असते असे ऐकले. पातेली बदलावीत का? (एक वाचक भगिनी, यवतमाळ)

उत्तर: ताई, पातेल्यांच्या आधी औषधाची बाटली पाहा. आपल्या पत्रातील सर्वांत काळजीची गोष्ट तीच आहे.

अॅल्युमिनियमची शरीराला कसलीही गरज नाही. अन्नातून आलेल्या अॅल्युमिनियमचा जेमतेम अर्धा टक्का किंवा त्याहूनही कमी भाग आतड्यातून रक्तात जातो आणि निरोगी मूत्रपिंड तो लघवीवाटे बाहेर टाकते. मूत्रपिंड थकले की हा मार्ग आकसतो आणि अॅल्युमिनियम हाडांत व मेंदूत साठू लागते. त्याची लक्षणे म्हणजे हाडे दुखणे, साध्या धक्क्याने हाड मोडणे, लोह देऊनही न सुधारणारा पंडुरोग आणि मेंदूवर परिणाम झाल्यास बोलताना अडखळणे, हातपाय झटकले जाणे, विसरभोळेपणा आणि झटके.

अॅसिडिटीच्या अनेक पातळ औषधांत अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड असते. सुक्रालफेट हे जठराच्या व्रणावरील औषधही अॅल्युमिनियमचेच संयुग आहे आणि त्याच्या एक ग्रॅम मात्रेत सुमारे 200 मिलिग्रॅम अॅल्युमिनियम असते. याउलट पातेल्यातून अन्नात उतरणारे अॅल्युमिनियम सामान्यतः काही मिलिग्रॅमच्या घरात राहते. म्हणजे पातेली बदलून औषध तसेच चालू ठेवले तर काहीच साधणार नाही. त्यातही लिंबाचा संबंध घातक आहे. लिंबातील सायट्रेट अॅल्युमिनियमला विरघळलेल्या रूपात ठेवते आणि आतड्यातून त्याचे शोषण कित्येक पटींनी वाढवते. पाण्यात फसफसणाऱ्या अनेक गोळ्या आणि चूर्णांतही सायट्रिक आम्ल असते, म्हणून 'साधे पाचक' समजून तीही घेऊ नयेत.

बाटलीवरील घटकद्रव्यांच्या यादीत अॅल्युमिनियम किंवा सुक्रालफेट हे शब्द आहेत का ते पाहावे. असल्यास बाटली घेऊन याच आठवड्यात मूत्रपिंडतज्ज्ञांना भेटावे आणि पित्तासाठी अॅल्युमिनियम नसलेले दुसरे औषध मागावे. बहुतेक अशा औषधांत मॅग्नेशियमही असते आणि तेही या अवस्थेत साठते. सहा महिने सेवन झालेले असल्यामुळे रक्तातील अॅल्युमिनियम एकदा मोजून घेणे मला योग्य वाटते. मूत्रपिंडाच्या रुग्णांत ते 20 मायक्रोग्रॅम प्रति लिटरच्या खाली असावे अशी अपेक्षा असते आणि 60 च्या वर गेल्यास पुढील तपास करतात.

पातेली सवडीने बदलावीत, घाई नाही. तोपर्यंत चिंच, कोकम, टोमॅटो घातलेली आमटी, सार आणि कढी स्टीलच्या भांड्यात करावी, कारण आंबट पदार्थांत हा धातू अधिक उतरतो. तुरटी हे अॅल्युमिनियमचेच क्षार असले तरी गाळ धरून त्याचा बराच भाग तळाशी बसतो. खडा दोन-चार वेळाच फिरवावा, पाणी रात्रभर स्थिर ठेवावे आणि वरचे निवळ पाणी ओतून घ्यावे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात अॅल्युमिनियम 0.03 मिलिग्रॅम प्रति लिटर असावे आणि दुसरा स्रोत नसेल तर 0.2 पर्यंत चालते. आपल्या जिल्ह्यात फ्लोराइडचाही प्रश्न असल्यामुळे बोअरवेलचे पाणी असल्यास ते एकदा सरकारी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे.

प्रश्न: तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेले पाणी डायलिसिसच्या रुग्णाने प्यावे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: तांबे शरीरातून मुख्यतः पित्तावाटे बाहेर पडते, लघवीवाटे नव्हे. त्यामुळे मूत्रपिंड निकामी झाल्याने ते आपोआप साठत नाही, आणि अशा पाण्यात उतरणारे तांबे जागतिक आरोग्य संघटनेच्या 2 मिलिग्रॅम प्रति लिटर या मर्यादेच्या बरेच खाली राहते. ताक किंवा लिंबूपाणी मात्र तांब्याच्या भांड्यात ठेवू नये. डायलिसिसच्या रुग्णाने भांड्याच्या धातूपेक्षा भांड्याच्या मापाकडे लक्ष द्यावे. सकाळी उठून तांब्याभर पाणी पिण्याची सवय असेल तर दिवसभराच्या ठरवून दिलेल्या पाण्यापैकी निम्मे तेथेच संपते. या पाण्याने किडनी सुधारते, या समजाला आधार नाही.

प्रश्न: सेलेनियम कमी आल्यामुळे परदेशातील मुलीने ब्राझील नट्स पाठवले आहेत. बुलढाण्याच्या केस गळतीच्या बातम्यांत सेलेनियम जास्त झाल्याचे वाचले होते, म्हणून भीती वाटते. मी स्वतः डायलिसिसवर आहे. (एक वाचक, ठाणे)

उत्तर: आपली भीती अनाठायी नाही. सेलेनियम हे पेशींचे रक्षण करणाऱ्या ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज या विकराचा आवश्यक घटक आहे, परंतु गरज आणि अतिरेक यांच्यातील अंतर या खनिजात फार थोडे असते. पिकात ते किती येते हे जमिनीवर अवलंबून असते. चीनमधील केशान भागात ते इतके कमी होते की हृदयाचा एक आजार त्या भागाच्या नावाने ओळखला गेला, तर पंजाबातील होशियारपूर आणि नवांशहर परिसरातील काही जमिनींत ते फार जास्त आहे. शेगाव तालुक्यातील गावांत 2024 च्या अखेरीस आणि 2025 च्या आरंभी अचानक केस गळू लागले तेव्हा गव्हातील सेलेनियमची चर्चा झाली आणि कारणांविषयी वादही झाले. जास्त सेलेनियमने केस गळतात आणि नखे ठिसूळ होऊन गळतात, एवढे मात्र वैद्यकशास्त्राला पूर्वीपासून ठाऊक आहे.

डायलिसिसच्या रुग्णांत सेलेनियम कमी आढळते हे खरे आहे. 2009 मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला तेव्हा जस्त, सेलेनियम आणि मँगनीज कमी, तर शिसे, कॅडमियम, क्रोमियम, तांबे आणि व्हॅनेडियम जास्त असे चित्र पुढे आले. परंतु बाहेरून सेलेनियम देऊन रुग्ण अधिक जगतात किंवा बरे राहतात, हे सिद्ध झालेले नाही. ब्राझील नट्समधील सेलेनियम एका बीपासून दुसऱ्या बीपर्यंत कमालीचे बदलते आणि त्यांत फॉस्फरस व पोटॅशियमही भरपूर असते. मुलीच्या मायेचा मान राखून ते घरातील निरोगी माणसांना द्यावेत, आणि त्यांनीही रोज एक-दोनपेक्षा अधिक खाऊ नयेत. आपल्यासाठी मासे आणि अंडी चालत असतील तर ती पुरेशी आहेत.

प्रश्न: वडिलांना एका ओळखीच्या वैद्यांनी किडनीसाठी भस्मे दिली आहेत. डबीवर घटक लिहिलेले नाहीत. नैसर्गिक असल्याने अपाय नाही, असे सांगितले. आम्ही काय करावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: घटक न लिहिलेले कोणतेही औषध, मग ते कोणत्याही पद्धतीचे असो, मूत्रपिंडाच्या रुग्णाने घेऊ नये. आयुर्वेदाविषयीच्या आपल्या श्रद्धेला धक्का लावण्याचा माझा हेतू नाही, पण नागभस्मात शिसे, ताम्रभस्मात तांबे, यशदभस्मात जस्त आणि रससिंदूर व मकरध्वजात पारा असतो, हे आयुर्वेदाचे ग्रंथच सांगतात. 2008 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इंटरनेटवरून विकत घेतलेल्या 193 आयुर्वेदिक औषधांची तपासणी झाली आणि सुमारे पाचव्या हिश्शात शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले.

निरोगी माणसाच्या शरीरातून शिसे बाहेर पडण्याचा मुख्य मार्ग लघवीचा आहे. तो अरुंद झालेल्या माणसात ते हाडांत साठते आणि तेथे कित्येक वर्षे राहते. उरलेल्या मूत्रपिंडालाही ते इजा करते, म्हणजे ज्या दुखण्यासाठी औषध घेतले तेच दुखणे वाढते. पाऱ्यामुळे लघवीतून प्रथिने जाऊ लागल्याचे रुग्ण भारतातील रुग्णालयांत पाहण्यात आले आहेत. औषध थांबवावे, डबी फेकून न देता मूत्रपिंडतज्ज्ञांकडे न्यावी आणि रक्तातील शिसे व पारा तपासून घ्यावा. वडिलांना दोष देऊ नये. डॉक्टर रागावतील या भीतीने अनेक रुग्ण अशा डब्या लपवतात आणि मग पंडुरोगाचे किंवा पोटदुखीचे कारण शोधण्यात महिने जातात.

प्रश्न: आमच्या गावाजवळच्या नव्या केंद्रात पत्नीचे डायलिसिस होते. तेथील पाणी चांगले आहे की नाही, हे आम्ही सामान्य माणसांनी कसे ओळखावे? विचारले तर त्यांना राग येईल का? (एक सेवानिवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर: गुरुजी, या महिन्यातील पत्रांत हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटला. खनिजांच्या गोळ्यांची चर्चा घरोघर होते. मशीनमधून जाणाऱ्या पाण्याची चौकशी मात्र क्वचितच कोणी करते.

मशीनमध्ये डायलिसेट, म्हणजे शुद्ध पाण्यात क्षार मिसळून केलेले द्रावण, साधारणपणे मिनिटाला 500 मिलिलिटर वेगाने वाहते. चार तासांत ते 120 लिटर होते आणि आठवड्यातून तीनदा म्हटले तर 360 लिटर. निरोगी माणूस आठवड्यात फार तर 14-15 लिटर पाणी पितो आणि ते पाणी व रक्त यांच्या मध्ये आतड्याची गाळणी असते. डायलिसिसमध्ये पाणी आणि रक्त यांच्यात केवळ एक अतिशय पातळ पडदा असतो. पाण्यात अॅल्युमिनियमचा अंश असला तर तो पडदा ओलांडून रक्तात येतो, तेथील ट्रान्सफेरिन या प्रथिनाला चिकटतो आणि परत जात नाही. थेंबाथेंबाने साठत जाण्याचे कारण हेच आहे.

ही केवळ पुस्तकी भीती नाही. 1970 च्या दशकात अमेरिकेतील डेन्व्हर येथे डायलिसिसच्या रुग्णांचे बोलणे अडखळू लागले, नंतर भ्रम आणि झटके येऊन काहींचा मृत्यू झाला. तेथील डॉक्टर अल्फ्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 मध्ये दाखवून दिले की अशा रुग्णांच्या मेंदूत अॅल्युमिनियम फार जास्त होते. त्याच काळात इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे डायलिसिसच्या रुग्णांची हाडे मोडू लागली आणि त्याचाही माग पाण्यातील अॅल्युमिनियमपर्यंत पोहोचला. त्यानंतर पाणी शुद्ध करण्याचे नियम कडक झाले, तरीही 1996 मध्ये कॅरिबियन समुद्रातील कुरासाव बेटावर नव्या जलवाहिनीच्या आतील सिमेंटच्या थरातून अॅल्युमिनियम पाण्यात उतरले आणि एका केंद्रातील 27 पैकी 10 रुग्ण दगावले. पाणी वरून स्वच्छच दिसत होते.

आपल्याकडे नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रात गढूळपणा काढण्यासाठी तुरटीच वापरतात आणि पावसाळ्यात तिचे प्रमाण वाढते. म्हणून आषाढ-श्रावणात पाणी शुद्ध करणाऱ्या आर.ओ. यंत्रणेवरचा भार सर्वाधिक असतो. डायलिसिसच्या पाण्यासाठी आंतरराष्ट्रीय मानकात अॅल्युमिनियमची मर्यादा 0.01 मिलिग्रॅम प्रति लिटर आहे, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपेक्षाही कमी. जस्त आणि तांबे प्रत्येकी 0.1, शिसे 0.005 आणि फ्लोराइड 0.2 अशा मर्यादा आहेत.

राग येण्याविषयी म्हणाल तर चांगल्या केंद्राला असा प्रश्न विचारलेला आवडतो, हे मी अनुभवाने सांगतो. मी काम करतो तेथे आर.ओ.च्या खोलीच्या दाराला दोरीने एक वही अडकवलेली आहे. पहिली पाळी सुरू होण्यापूर्वी तंत्रज्ञ क्लोरीनची पट्टी पाण्यात बुडवतो, रंग पाहतो, वेळ आणि वाचन लिहितो आणि सही करतो. एकूण क्लोरीन 0.1 मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर गेले तर त्या दिवशी मशीन सुरू होत नाही, कारण पाण्यातील क्लोरामाइन हे क्लोरीनचे संयुग रक्तात गेल्यास लाल पेशी फुटतात. ती वही रुग्णांचे नातेवाईक येता-जाता उघडून पाहतात आणि कोणी त्यांना अडवत नाही.

आपण तीन गोष्टी विचाराव्यात. क्लोरीनची रोजची नोंद कोठे ठेवता? जंतू आणि एन्डोटॉक्सिन (जंतूंपासून येणारे विष) यांची महिन्याची तपासणी कधी झाली? आणि अॅल्युमिनियम, शिसे, फ्लोराइड यांसह संपूर्ण रासायनिक तपासणीचा गेल्या वर्षभरातील अहवाल पाहायला मिळेल का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर तेथल्या तेथे, वही समोर ठेवून मिळायला हवे. उरलेल्या दोन अहवालांसाठी केंद्राला चार-आठ दिवस द्यावेत. पुढच्या वेळी पत्नीला घेऊन जाल तेव्हा लवकर निघावे, पहिल्या पाळीच्या आधी अर्धा तास पोहोचावे, आणि पट्टी बुडवताना तंत्रज्ञाच्या शेजारी उभे राहू देण्याची विनंती करावी.